समुद्राकाठचे बिऱ्हाड

मालवणच्या किनाऱ्यावर चार दिवस राहण्यासाठी जागा शोधणाऱ्याला सर्वप्रथम सामना करावा लागतो तो विशेषणांचा. निसर्गरम्य, नयनरम्य, शांत, निवांत, अस्सल, घरगुती. घर कोणाचे, विहीर कोठे, स्वयंपाक कोण करणार, पावसाळ्यात तिथे कोण राहते, यांविषयी ही विशेषणे काही सांगत नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाला यात नवे असे काहीच नाही. जिथे विशेषणे दाटीवाटीने येतात तिथे नामे हरवलेली असतात, हे आपण वर्गात शिकवत आलो आहोत. मात्र सुट्टीची जागा निवडताना हे शिक्षण आपण घरी ठेवून जातो. आम्हीही तेच केले होते, म्हणून हे टिपण.

या जागांच्या प्रकारांत अलीकडे एक प्रकार विशेष लोकप्रिय झाला आहे. संपूर्ण घर चार-पाच दिवसांसाठी भाड्याने घ्यायचे, त्यातले स्वयंपाकघरही आपल्या ताब्यात, बाजारातून मासळी आणावी, आपल्याला हवे ते आपणच शिजवावे. या व्यवस्थेला जाहिरातींत इंग्रजी नावे असली तरी मराठीला ती परकी नाही. शिधा सोबत घेऊन निघावे, धर्मशाळेत किंवा ओळखीच्या ओसरीवर तीन दगड मांडावेत आणि भात रांधावा, ही आपल्या प्रवासाची जुनी रीत. तिच्यासाठी आपल्याकडे नेमका शब्दही आहे : बिऱ्हाड. भालचंद्र नेमाड्यांनी १९७५ साली आपल्या कादंबरीला ‘बिढार’ हे त्याच शब्दाचे रूप नाव म्हणून दिले, तेव्हा त्यात उपरेपणाची जी छटा होती ती अपघाताने आलेली नव्हती. बिऱ्हाडकरू घरात राहतो, पण घर त्याचे नसते, आणि ते आपले नाही याची त्याला सतत जाणीव असते. पाहुण्याला मान असतो, गिऱ्हाइकाला हक्क असतो, बिऱ्हाडकरूला मात्र जबाबदारी असते. आमच्या मते दूरच्या किनाऱ्यावर जागा निवडणाऱ्याने प्रथम ठरवायचे ते हे, की आपण या तिघांपैकी कोण म्हणून जाणार आहोत.

आम्ही चौघे मराठीचे अध्यापक काही वर्षांपूर्वी हे न ठरवताच देवबागला गेलो. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी जीभ. जाहिरातीत तिला बेट म्हटले होते. ते बेट नव्हे, पण काही ठिकाणी एका पडवीतून नदी आणि दुसऱ्या पडवीतून समुद्र ऐकू येतो, त्यामुळे भाषेचा हा अपराध क्षम्य मानावा. चिऱ्याचे जुने घर, मंगलोरी कौले, पुढे सारवलेले खळे आणि तुळस, मागीलदारी विहीर आणि माड. स्वयंपाकघरात गॅस होता, तांब्यापितळेची भांडी होती, पाटा होता. आम्ही धन्य झालो. संध्याकाळी मालवणच्या बाजारातून बांगडे आणले, तिरफळे आणि आमसुले आणली, आणि ‘स्वतःच्या हातचे’ मालवणी कालवण करण्याचा घाट घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्यातला एकजण मागीलदारी गेला तेव्हा न्हाणीला लागून असलेल्या झावळ्यांच्या मांगरात त्याला धूर दिसला. तिथे घरमालकाची आई चुलीवर पेज शिजवत बसली होती. आम्ही भाड्याने घेतलेले स्वयंपाकघर तिचे होते. घरातली पाचही माणसे चार दिवसांसाठी मांगरात आणि शेजारच्या भावकीत विखुरली होती. आम्ही ओशाळून काही बोलू लागलो, तर ती हसून म्हणाली, “आमचा काय, आमका चूल खंयय चलता.” या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. ज्या पाट्यावर वाटण वाटल्याचा आम्ही अभिमान मिरवत होतो, त्या पाट्याची मालकीण आठ हातांवर विस्तवापुढे बसली होती. जाहिरातीतला ‘अस्सल’ हा शब्द खरा ठरला होता. घर अस्सलच होते, आणि अस्सल ठरण्यासाठी त्यातली माणसे बाहेर काढावी लागली होती.

यात दोष त्या कुटुंबाचा नाही. मिळकत त्यांना हवी होती आणि ती सन्मानाची होती. दोष असलाच तर आमच्या प्रश्नांच्या यादीचा होता. खोल्या किती, समुद्र किती पावलांवर, हे सारे आम्ही विचारले होते. आम्ही तिथे असताना तुम्ही कुठे राहणार, हा प्रश्न मात्र आम्हांला सुचलाही नव्हता.

का सुचला नव्हता? याचे एक उत्तर आपल्या वाचनात आहे असे आम्हांला वाटते. या जिल्ह्यातून आलेले थोर लेखन आपण ‘कोकणचे निसर्गचित्रण’ या प्रकरणाखाली शिकवतो आणि परीक्षेत त्यावर टीप विचारतो. प्रत्यक्षात या लेखकांना निसर्गदृश्यात फारसा रस नाही. जयवंत दळवी आरवलीचे. ‘सारे प्रवासी घडीचे’ या १९६४ च्या पुस्तकाच्या नावात प्रवासी आहेत, पण ते पर्यटक नव्हेत, ती गावातली माणसे आहेत. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ १९६६ सालची. कोंडुरा हे वेंगुर्ले तालुक्यातले समुद्राकाठचे खरे ठिकाण, पण कादंबरीतला समुद्र फोटोच्या पार्श्वभूमीसाठी नाही, तो माणसाच्या आत घोंगावणारा आहे. आणि याच खानोलकरांनी मुंबईला जाण्यापूर्वी कुडाळात घरची खानावळ चालवली होती. आरती प्रभूंच्या कवितेमागे दुसऱ्यांसाठी रोज मांडल्या जाणाऱ्या पानांचा हिशेब करणारा एक माणूस आहे, हे आपण चरित्रातील एक तपशील म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पोटासाठी परक्यांना जेवू घालणे म्हणजे काय, हे या भूमीच्या सर्वांत गूढ मानल्या गेलेल्या कवीला गल्ल्यावर बसून ठाऊक होते.

याच्या उलट दिशेचा प्रवासही लक्षात घ्यावा. कोकणी चाकरमानी मुंबईच्या गिरणगावात गेला तेव्हा त्याचे कुटुंब गावी राहिले आणि तो खानावळीत जेवला. त्याला जेवू घालणाऱ्या बायकांच्या श्रमांना नाव आणि संघटना मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आता शहर कोकणात येते आहे आणि पुन्हा कोणीतरी बाई पान वाढते आहे किंवा स्वतःची चूल मोकळी करून देते आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीला विमान उतरले. येण्याचे मार्ग वाढले. आल्यावर कसे राहावे याचा विचार त्या वेगाने वाढला नाही.

गंमत अशी की या विचाराची एक चांगली सुरुवात आपल्याला एका रूक्ष सरकारी मजकुरात सापडते. ज्याला सर्वत्र सीआरझेड म्हणतात त्या किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या स्थानिक समाजांना, मच्छीमारांसह, आपल्या राहत्या घरात पर्यटक ठेवण्याची मुभा आहे. अट अशी, की अस्तित्वात असलेल्या घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग बदलता कामा नये. कायद्याच्या हेतूपुरते हे वाळू आणि भरतीरेषा वाचवण्यासाठी आहे. आम्ही मात्र ते साहित्याचे विद्यार्थी म्हणून वाचतो. दर्शनी भाग बदलू नका, याचा अर्थ पाहणाऱ्याच्या नजरेसाठी स्वतःला पुन्हा रचू नका. बाहेरचा माणूस ज्या कोकणाची कल्पना करून येतो त्या कोकणासारखे दिसण्यासाठी घराने बैलगाडीचे चाक भिंतीला टांगावे, मुलांच्या खोलीत कंदील लावावा, हाही दर्शनी भागातलाच बदल आहे, आणि तो कोणत्याही अधिकाऱ्याला मोजता येत नाही. घर जेव्हा स्वतःचेच नाटक करू लागते तेव्हा त्याचे वेगळेपण संपते. ‘वैशिष्ट्यपूर्ण’ जागा शोधणाऱ्या आमच्यासारख्यांनीच हे नाटक मागितलेले असते.

मग जागा निवडावी कशी? आम्ही आता काही प्रश्न आधी विचारतो.

पहिला प्रश्न पाण्याचा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणसमोरचे कुरटे बेट जलदुर्गासाठी निवडले. त्या खारट वेढ्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही दाखवल्या जातात. बेटावर वस्ती ठरते ती पाण्यावरून, दृश्यावरून नव्हे. देवबागसारख्या वाळूच्या पट्ट्यात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते, आणि एकदा विहीर मचूळ झाली की ती सुधारायला पावसाळे जावे लागतात. म्हणून खासगी पोहण्याचा तलाव असलेली जागा समुद्रापासून शंभर पावलांवर असेल तर ती आम्ही घेत नाही. समुद्र असताना तलाव कशासाठी, हा प्रश्न वेगळाच.

दुसरा प्रश्न चुलीचा. स्वयंपाकघर आपल्याला मिळत असेल तर ते वेगळे आहे की कोणाचे काढून दिलेले आहे? चाकरमान्यांची बंद घरे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. गणपतीत आणि मे महिन्यात उघडतात, एरवी वाळवी लागते. अशा घरात बिऱ्हाड केले तर कौले शाकारली जातात, विहीर उपसली जाते, आणि कोणी मांगरात जात नाही. घर नांदते असेल तर स्वतः शिजवण्याचा हट्ट सोडावा आणि घरच्या पंक्तीला, घरच्या वेळेला, घरात जे शिजेल ते खावे. तारली असेल तर तारली. रोज सुरमई आणि कोळंबीच हवी हा आग्रह समुद्राला परवडणारा नाही. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध इथल्या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, २०१६ मध्ये राज्य सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, आणि संघर्ष तरीही थांबला नाही. आपल्या ताटातली मासळी या भांडणाच्या बाहेरून येत नाही.

तिसरा प्रश्न एकांताचा. ‘जगापासून दूर’ हे शब्द पैसे देऊन चार दिवसांसाठी घेतले की रम्य असतात. खाडीतल्या जुव्यावर राहणाऱ्याला तोच दूरपणा रात्री-अपरात्री होडी शोधायला लावतो. सिंधुदुर्ग किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेल्या कुटुंबांना पावसाळ्यात उधाणामुळे होड्या बंद होतात तेव्हा एकांत म्हणजे काय ते कळते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले. त्याने घरांची छपरे आणि माडापोफळीच्या बागा पाडल्या, तेव्हा सुट्टीवरचे लोक निघून जाऊ शकत होते. म्हणून घरमालकाला पावसाळ्याविषयी विचारावे. जो माणूस आपल्या घराचा श्रावण सांगतो, त्याचे घर भाड्यासाठी बांधलेले नसते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. शहरात पगार घेणाऱ्या अध्यापकांनी किनाऱ्यावरच्या कुटुंबाला घर कसे ठेवावे हे सांगू नये. त्यांना सिमेंटचा मजला चढवायचा असेल, खोलीत वातानुकूलन हवे असेल, तर कौलारू घराची हळहळ करणारे आम्ही कोण? हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. मांगरातल्या त्या चुलीपेक्षा पर्यटकांसाठी बांधलेली वेगळी, कुरूप, पत्र्याची खोली अधिक नैतिक आहे असे आम्ही आज म्हणू, कारण तिच्यामुळे आजीचे स्वयंपाकघर आजीकडे राहते. सौंदर्यदृष्टीचा इथे पराभव होत असेल तर होऊ द्यावा. आमचे म्हणणे घरमालकाला उद्देशून नाहीच. ते निवडणाऱ्याला, म्हणजे आम्हांला स्वतःला आणि या पृष्ठांच्या वाचकांना उद्देशून आहे.

कारण मराठी विभागांच्या साहित्यसहली दरवर्षी या बाजूला येतात. शिरोड्याला जातात, जिथे वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ शाळेत शिकवले. आरवलीला जातात, खानोलकरांच्या बागलांच्या राईला जातात. दिवसभर लेखकांच्या गावांतून फिरून रात्री पन्नास विद्यार्थी अशा जागी उतरतात जिथे गावातला एकही माणूस जेवणाच्या पंक्तीला नसतो. अभ्यासक्रमात आपण ‘प्रादेशिकता’ शिकवतो, आणि त्या प्रदेशाशी विद्यार्थ्याचा संबंध खिडकीपुरता ठेवतो. पुढच्या सहलीची जागा ठरवताना विभागाने पाच-सहा घरांत विद्यार्थी वाटून द्यावेत. त्यांनी नारळ खोवावा, विहिरीचे पाणी शेंदावे, मालवणी बोली कानावर पडू द्यावी, भाडे ठरल्यापेक्षा कमी करण्याची घासाघीस करू नये. परतल्यावर निबंधाचा विषय ‘कोकणचे सौंदर्य’ हा देऊ नये. ज्या घरात राहिलात त्या घरातले लोक त्या रात्री कुठे झोपले, एवढेच लिहून आणायला सांगावे.

आम्ही त्या घरी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. या खेपेस फक्त ओटीवरच्या दोन खोल्या मागितल्या आणि जेवण घरचे. भाडे तेवढेच दिले. आजीने आम्हांला पाटा दिला नाही. आमच्या वाटणात खोबरे भरड राहते, असे तिने आदल्या वर्षीच पाहून ठेवले होते.