चार कामं तोंडी सांगू नका, लिहून द्या

माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा : ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ पोलादपूरहून महाडच्या शाळेत एसटीने जाताना कधी डबा गाडीत राहायचा, कधी पास घरी. घरात मी धांदरट ठरले आणि पुढे मीही ते धरून चालले. चौतिसाव्या वर्षी पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ती प्रगतिपुस्तकं मागितली. मोठ्या माणसात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान करायचं तर लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात, असा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2013 च्या नियमावलीतला निकष आहे. आईने पत्र्याच्या ट्रंकेतून सगळी पुस्तकं काढून दिली. डॉक्टरांनी तो शेरा वाचला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

मी बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या पोलादपूरच्या घरूनच काम करते. आमच्या क्षेत्रात हल्ली एडीएचडीला ‘सुपरपॉवर’ म्हणतात. मला तो शब्द टोचतो. रात्री दोनला सर्व्हर कोलमडला की माझं डोकं लख्ख चालतं, हे खरं आहे. हजारो ओळींच्या लॉगमधली चुकीची ओळ मला दिसते. पण त्याच आठवड्यात टाइमशीट भरायची राहते, आणि बढतीच्या वेळी तीच पुढे येते.

आधीच्या कंपनीत सकाळच्या कॉलवर साहेब चार कामं तोंडी सांगायचे. मी ‘हो सर’ म्हणेपर्यंत त्यातली दोन डोक्यातून गेलेली असायची. पुन्हा विचारलं की ‘गांभीर्य नाही’ हा शिक्का. आताच्या टीम लीडला मी एवढंच सांगितलं : कॉलनंतर कामं तीन ओळींत लिहून पाठवा, आणि मोठ्या कामाला मधली एखादी तारीख द्या. तिची रोज दोन मिनिटं जातात. वर्षभरात माझं एकही काम राहिलेलं नाही.

दुसरी सोय आईची. भातलावणीला आमच्याकडे कोणी एकटं उतरत नाही, सावड असते. शेजारचीचा हात चालताना दिसला की आपलाही थांबत नाही. मला कंटाळवाणं डॉक्युमेंटेशन लिहायचं असलं की आई सूप घेऊन टेबलाशेजारी तांदूळ निवडत बसते. बोलत काही नाही. खडा ताटलीत पडल्याचा टक् आवाज येतो आणि कुठेतरी भरकटलेली मी स्क्रीनवर परत येते. शहरातले माझ्यासारखे लोक यासाठी व्हिडिओ कॉल लावून एकमेकांसमोर आपापलं काम करतात. ती त्यांची सावड.

औषधानेही फरक पडला. मिथाइलफेनिडेट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि मिळूही नये. पण त्या चिठ्ठीसाठी मला पुणं गाठावं लागतं. पावसात वरंध घाट बंद झाला की ताम्हिणीचा वळसा. महाडला महिन्यातून एक दिवस मोठ्यांची तपासणी सुरू झाली तरी किती जणींचा दिवस वाचेल!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं वेगळं नाव नाही. याच कायद्याप्रमाणे खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. त्या धोरणात कंपन्यांनी स्पष्ट लिहावं : लेखी कामं, मधल्या तारखा, शांत जागा, जो मागेल त्याला, प्रमाणपत्र न मागता. मला हे मिळालं ते टीम लीड समजूतदार आहे म्हणून. उद्या ती नोकरी सोडून गेली, तर मी पुन्हा कोणाच्या मर्जीवर राहायचं?

गेल्या महिन्यात दुसऱ्या टीममध्ये महाडची एक मुलगी रुजू झाली. तिसऱ्याच दिवशी तिचा मेसेज आला, ‘ताई, मीटिंगमध्ये काय काय करायला सांगितलं, परत सांगता का?’ मी सांगितलं, आणि सोबत लेखी कामं मागणारा माझा जुना अर्ज पाठवला. तिने त्यावर स्वतःचं नाव घालून तो एचआरला दिला आहे. उत्तर अजून यायचंय.