पानाआधी शीर काढा!

आज घरातल्या कोणालाही, नातवंडाला किंवा आजोबांना, कागद-पेन्सिल देऊन सांगा, "एक फूल काढ." बहुतेक जण मधे एक गोल, भोवती पाच गोल, खाली सरळ दांडी आणि दोन पानं काढतील. ही झाली फुलाची खूण. समोरच्या कुंडीतल्या फुलाशी ती जुळत नाही आणि मग आपण म्हणून टाकतो, "मला बाई चित्रकला येत नाही." कितीतरी जणांची पेन्सिल शाळेनंतर इथेच थांबते.

अडचण हाताची नसते. आपण बाहेरच्या कडेपासून सुरुवात करतो, म्हणून गाडी अडते. झाडाला आकार देतो तो आतला सांगाडा. तो आधी काढला, तर कडा आपोआप जागेवर येतात. आज हे जास्वंदीवर करून पाहू. गणपतीला वाहायची, बंगालमध्ये कालीमातेला वाहायची ती साधी, एकेरी लाल जास्वंद देशात कुठेही सहज मिळते.

फांदी म्हणजे नळी. फांदी जशी वाकली आहे, तशी एकच सलग रेघ हलक्या हाताने काढा. आता त्या रेघेवर थोड्या थोड्या अंतरावर छोटे लंबगोल काढा, मनगटात बांगड्या घालाव्या तसे. फांदी तुमच्याकडे वळत असेल तिथे लंबगोल जास्त गोल दिसेल. आडवी जात असेल तिथे अगदी चपटा. खात्री हवी असेल तर पाण्याचा पेला डोळ्यांसमोर धरा. पेल्याची कड डोळ्यांच्या रेषेत असताना नुसती रेघ दिसते; पेला खाली नेत गेलात की ती गोल होत जाते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला वस्तुचित्र काढलेल्यांना हे लगेच आठवेल. बादलीचा नियम फांदीलाही लागू आहे. शेवटी लंबगोलांच्या दोन्ही टोकांना रेषा जोडा. झाली फांदी!

पान म्हणजे वळलेली पट्टी. आधी देठ आणि पानाची मधली शीर, एकाच ओघात. ती रेघ कुठे चालली आहे? तुमच्याकडे, की दूर? खाली झुकली आहे का? हे ठरल्यावरच दोन्ही बाजूंना साध्या वक्र कडा काढा. पान दुमडलं असेल तर जवळची बाजू लांबची बाजू झाकते, म्हणून जवळची कड आधी काढा. जास्वंदीच्या पानाला करवतीसारखे दाते असतात, पण ते सगळ्यात शेवटी. आणि हो, जास्वंदीची पानं समोरासमोर जोडीने येत नाहीत. फांदीवर आळीपाळीने, एक इकडे तर एक तिकडे येतात.

फूल म्हणजे नरसाळं. फुलाच्या देठातूनच पुढे मधली रेघ वाढवा. तिच्याभोवती शंकू काढा आणि त्याच्या तोंडाशी मोठा लंबगोल. शंकूच्या टोकापासून कडेपर्यंत पाच रेघा पसरवा. प्रत्येक रेघ म्हणजे एका पाकळीचा कणा. पाकळ्या काढताना नीट बघा: प्रत्येकीची एक बाजू शेजारणीच्या वर असते, तर दुसरी बाजू दुसऱ्या शेजारणीच्या खाली. त्यामुळे फूल फिरत असल्यासारखं दिसतं. मधली रेघ जिथून बाहेर येते, तिथे बारीक नळी काढा. तिच्यावर परागकोशांचे ठिपके आणि टोकाला पाच छोट्या गुंड्या. शंकूच्या बुडाशी एक हिरवी वाटी. खोडरबर फार वापरू नका. खालच्या रेघा दिसल्या तर दिसू द्या, त्यातूनच शिकता येतं.

ही काही पोरखेळाची युक्ती नाही. कॅमेरा नव्हता तेव्हा औषधी झाड ओळखायला चित्राचा मोठाच आधार होता. 'होर्तुस मलाबारिकुस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅममध्ये 12 खंडांत छापला गेला. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे यांनी तो करवून घेतला. झाडांची माहिती मात्र इट्टी अच्युतन यांच्यासारख्या वैद्यांची. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी भाषक वैद्यही त्या कामात होते. अशा चित्रात पानं आळीपाळीने आहेत की समोरासमोर, हे चुकून चालत नाही. चित्र नुसतं सुंदर असून भागत नाही, त्यावरून झाड ओळखता आलं पाहिजे.

आपल्यालाही तोच फायदा होतो. रोज दारात दिसणारी जास्वंद काढायला बसलं, की पाकळी कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, हे पहिल्यांदाच दिसतं. मुलांच्या विज्ञानाच्या वहीतल्या आकृत्याही त्यामुळे सुधारतात.

तर या आठवड्याचा गृहपाठ: रोज दहा मिनिटं. पहिले तीन दिवस नुसत्या वाकड्या नळ्या. पुढचे तीन दिवस एकच पान तीन बाजूंनी, दाते न काढता. सातव्या दिवशी अख्खं फूल. मुलांना सोबत घ्या आणि प्रत्येक चित्रावर तारीख टाका.

पुढच्या भागात कुंडीतली तुळस काढू. तोवर तिची पानं फांदीवर कशी येतात आणि कोवळी दांडी बोटांत फिरवली की गोल लागते की चौकोनी, एवढं बघून ठेवा!