आशा कशास म्हणावी?

रोमच्या धर्मपीठानें २०२५ हें वर्ष आशेचें जयंतीवर्ष म्हणून पाळलें. युक्रेन २०२२ पासून तोफांखालीं भाजत होता. गाझांत २०२३ पासून झालेला संहार साऱ्या जगानें पाहिला. आणि ज्यांनीं हें वर्ष जाहीर केलें ते पोप फ्रान्सिस, वर्ष पुरें होण्यापूर्वींच, २१ एप्रिल रोजीं निवर्तले. अशा काळीं आशा शिकविणें हा भोळेपणा कीं धैर्य, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती मंडळींचा नव्हे. तो आमच्या तळवड्याचाही आहे.

८ डिसेंबर २०२३ रोजीं येथें, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्यास आग लागली. सहा स्त्रिया त्याच दिवशीं होरपळून मेल्या. जखमींपैकीं कांहीं जणांनीं पुढें प्राण सोडले. पोटासाठीं शोभेच्या दारूशेजारीं बसणाऱ्या त्या बायांच्या घरच्यांस 'देवाची इच्छा' एवढेंच सांगून जी आशा मोकळी होते, ती कोणत्याही धर्माची असो, आम्हांस नको. असलें समाधान मालकास फार स्वस्त पडतें.

मग ख्रिस्ती लोक जिचा एवढा उच्चार करितात ती आशा याहून निराळी आहे काय? तिचा शोध याच जिल्ह्यांत, दौंडकडील केडगांवीं घ्यावा. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि अन्नावांचून वणवण फिरणाऱ्या मुली व स्त्रिया आपल्या आश्रयास घेऊन आल्या. केडगांवीं त्यांस केवळ प्रार्थना शिकविली नाहीं. शेत, माग व छापखाना यांवर राबून स्वतःची भाकर मिळविण्यास शिकविलें. बाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथल्याच स्त्रियांनीं खिळे जुळवून छापलें.

शारदा सदनांतील धर्मशिक्षणावरून १८९३ सालीं पुण्यांत गहजब झाला व रानडे-भांडारकरांनीं सल्लागार मंडळ सोडलें. तो आक्षेप निराधार होता असें आम्ही म्हणणार नाहीं. विश्वासानें मुली सोंपविणाऱ्या पालकांस जाब विचारण्याचा हक्क होताच. परंतु चारच वर्षांनीं प्लेग आला, तेव्हां सरकारी इस्पितळांत स्त्रियांचे होणारे हाल याच बाईंनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रांत उघड मांडले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांचा रोष पत्करला. राज्यकर्ते ख्रिस्ती, बाईही ख्रिस्ती! ख्रिस्ती म्हणजे परक्यांचा हस्तक, असें ज्यांस अद्यापि वाटतें त्यांनीं याचा विचार करावा.

हीच परंपरा वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं चालविली. 'हरित वसई'च्या चळवळींत त्यांनीं तेथील जमीन व पाणी यांसाठीं धाकदपटशापुढें उभें राहण्याचें साहस केलें; त्यांच्या 'सुबोध बायबल'ास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तरी जानेवारी २०२० मधील उस्मानाबादच्या साहित्य संमेलनास हा धर्मगुरु अध्यक्ष कसा, म्हणून कांहीं मंडळींनीं ओरड केलीच. २०२४ च्या जुलैंत ते वारले. वसईच्या मातींतला, मराठींत लिहिणारा हा मनुष्य परका, तर मग आपला कोण?

धर्मांतराच्या वादांत कायदा काय म्हणतो हें स्पष्ट आहे. संविधानाचें २५ वें कलम धर्माच्या आचरणाचा व प्रसाराचा हक्क देतें. त्या प्रसारांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. तो आम्हांस मान्य आहे. लोभानें किंवा धाकानें केलेलें धर्मांतर निंद्यच. परंतु लोभ अगर धाक होता कीं नाहीं हें ठरविण्याची जागा न्यायालय होय. रविवारच्या प्रार्थनेच्या दाराशीं जमलेला घोळका नव्हे.

८ डिसेंबर हा दिवस नाताळापूर्वींच्या आगमनकाळांत येतो, आणि ख्रिस्ती मंडळींच्या वर्षांत हा आशेनें वाट पाहण्याचा काळ. त्या दिवशीं शहरांतील ख्रिस्ती मंडळींनीं तळवड्याच्या मृतांसाठीं प्रार्थना करावी, आणि प्रार्थना आटोपतांच महापालिकेकडे अर्ज द्यावा: ज्या गाळ्यांत ज्वालाग्राही माल तयार होतो त्यांची तपासणी केव्हां झाली, बाहेर पडण्यास दुसरें दार आहे कीं नाहीं, हें प्रत्येक गाळ्याच्या दारावर लिहून लावावें. गाळे भाड्यानें देणारे आमचे व्यापारी वाचक, बहुतेक हिंदु, त्यांनींही त्या अर्जाखालीं सही करावी. भाडें तेच घेतात.