कूलरचं पाणी बंद करायचे दिवस

एप्रिलचं ऊन तुम्हाला नवं नाही. पारा 41-42 वर गेला तरी आपली गुलमंडीची बाजारपेठ काही ओस पडत नाही. दुपारी खिडक्या लावायच्या, कूलर सुरू करायचा, माठातलं पाणी प्यायचं. एवढ्यावर घर निभावून जातं.

रोहिण्या लागल्या की मात्र हवा पालटते. मेच्या शेवटी मळभ येतं. वळवाची एखादी सर पडते. पारा दोन-चार अंश उतरतो आणि जो तो म्हणतो, चला, सुटलो. पण याच दिवसांत अंग चिकचिकतं, सदरा पाठीला चिकटून बसतो आणि रात्रभर डोळा लागत नाही. या दिवसांना एप्रिलच्या सवयी चालत नाहीत. त्या बदलायला हव्यात.

घाम आला म्हणून अंग गार होत नाही, घाम वाळला तर होतं. हवेतच ओल भरलेली असली की घाम वाळत नाही. तो नुसता ओघळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते.

16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. पारा 38 च्या आसपास होता. तरीही 14 माणसं गेली. 38 अंशांना आपल्याकडे कुणी ऊन म्हणत नाही. पण तिकडची हवा दमट आणि लोक तासन्‌तास उघड्यावर बसलेले. म्हणून मोबाइलवर हवामान बघाल तेव्हा तापमानाशेजारचा आर्द्रतेचा आकडाही बघत जा. दोन्ही चढे असतील तर दुपारची कामं पुढे ढकला.

आता कूलर. कोरड्या हवेत त्याच्यासारखी स्वस्त सोय नाही. पण तो गारवा देतो तो पाण्याची वाफ करून. दमट हवा आणखी ओल घेत नाही. अशा वेळी तुम्ही पंप चालू ठेवलात तर खोली गार होत नाही, फक्त ओलसर होते. गादी, उशी, कपडे, सगळं दमट लागायला लागतं. तेव्हा पंप बंद करा आणि नुसता पंखा चालवा. समोरासमोरच्या खिडक्या उघडा. दार-खिडक्या लावून कूलर चालवायची सवय अनेक घरांत आहे. ती एरवीही चुकीचीच. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी.

कूलरच्या आणखी काही गोष्टी. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. लहान मुलांना कूलरजवळ खेळू देऊ नका. आणि टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून तळ घासा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ते ओतून द्यायला जिवावर येतं, हे कळतं. पण डेंग्यूचा डास याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. काढलेलं पाणी झाडांना घाला, अंगण धुवा. पिंप झाकून ठेवा.

तहान लागायची वाट बघू नका. थोडं थोडं पाणी दिवसभर प्या. घाम फार जात असेल तर मिठाचं ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील यांतलं काहीतरी रोज पोटात जाऊ द्या. थकवा आला, पायात गोळे आले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालून ते हळूहळू प्या. मीठ अंदाजाने टाकू नका. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असेल तर साखरेचंही विचारा.

सकाळचं वरण रात्री चालतं, हा हिशेबही या दिवसांत सोडा. ते आंबतं. थोडं शिजवा, लगेच संपवा.

वाळूजच्या, शेंद्र्याच्या कारखान्यांत पत्र्याच्या शेडखाली काम करणाऱ्यांनी आणि बांधकामावरच्यांनी जास्त जपावं. त्यातही नवा माणूस असेल तर त्याला आणखी जपा. अंगाला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मुकादमांनी पहिल्याच दिवशी त्याच्यावर पूर्ण काम टाकू नये. लग्नाच्या वरातीचंही तेच. भर दुपारी कोट घालून डीजेपुढे नाचणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांना घरातल्या थोरांनीच आवरावं. मुहूर्त तसाही टळलेलाच असतो.

खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा. त्याने काही बिघडत नाही. पण त्याच्या भरवशावर उन्हात हिंडू नका.

म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही आणि ती मागतही नाहीत. आजी-आजोबांना पाणी विचारू नका, पेला हातात द्या. स्लॅबखालची वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही तापलेली असते. त्यांचं अंथरूण खाली हलवा. निजण्याआधी गार पाण्याने अंग पुसून द्या आणि पंख्याखाली वाळू द्या.

एखादा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळला, बेशुद्ध झाला किंवा त्याला झटके आले आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं धरून बसू नका. दमट हवेत घामाने निथळणाऱ्यालाही तो होतो. लगेच 108 ला फोन करा. त्याला सावलीत न्या. कपडे सैल करा, जमतील तेवढे काढा. अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाची गोळी देऊ नका, हा ताप तिने उतरत नाही.

गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. घाटी रुग्णालयात न्या किंवा जवळ जे मोठं रुग्णालय असेल तिथे. तो केव्हापासून उन्हात होता आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सांगू शकेल असा एक जण बरोबर जाऊ द्या. आधार कार्ड शोधत बसू नका, ते मागून कुणीही आणून देईल.