खरवडीचा मान

'खरवड' हा शब्द आता स्वयंपाकघरातून उठून शब्दकोशात जाऊन बसण्याच्या बेतात आहे. घरोघरी कुकर आला, भात डब्यात शिजू लागला आणि पातेल्याच्या तळाशी धरणारा तो खमंग, किंचित करपलेला थर दिसेनासा झाला. परंतु ज्यांनी चुलीवरचे कल्हईचे पातेले पाहिले आहे, त्यांना खरवड आठवेल. आणि ती कोणाच्या वाट्यास येई, हेही आठवेल. आमच्या चिटगुप्प्यात काय किंवा हुमनाबाद-भालकीकडे काय, पंगतीचा क्रम ठरलेला असे. आधी पाहुणे, मग घरातील पुरुष, मग मुलेबाळे आणि सर्वांत शेवटी रांधणाऱ्या बायका. तोवर वरचा मोकळा भात संपलेला असे. मग उलथन्याने तळ खरवडून, त्यात ताक आणि मीठ कालवून त्या जेवत. "मला बाई हीच आवडते," असे प्रत्येक घरातली आई म्हणत असे, आणि तिच्या या आवडीची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नसे.

या खरवडीची पुन्हा गाठ पडली ती मुंबईत, एका स्पॅनिश भोजनगृहात. आमच्या विवाहास तीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने चिरंजीवांनी आम्हां उभयतांना तेथे नेले. आमचा मुलूख समुद्रापासून दूर. मासळी म्हणजे तळ्याधरणांतील मरळ, रोहू नि कटला, एवढीच आमची ओळख. तेथे मात्र लसणीच्या तेलात परतलेली कोळंबी, माकुलाच्या तळलेल्या चकत्या, रश्शात उघडलेल्या शिंपल्या, असा सारा दर्याच टेबलावर अवतरला. पदार्थांपुढील आकडे पाहून सौ.नी पत्रक मिटून ठेवले आणि "तुम्हीच सांगा काय ते," असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या.

शेवटी आला तो 'पाएया'. दोन कानांच्या, परातीसारख्या रुंद नि उथळ लोखंडी भांड्यात केशरी भाताचा पातळ थर आणि त्यावर मांडलेली मासळी. हा पदार्थ स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सिया प्रांताचा. पाएया हे मूळ भांड्याचे नाव, तेच पुढे पदार्थास मिळाले. गंमत अशी की, तेथील शेतकऱ्यांच्या मूळ पाएयात मासळी नसतेच. कोंबडी, ससा आणि शेंगा घालून तो करतात. मासळीचा पाएया ही किनाऱ्यावरील लोकांची रीत. स्पेनमध्ये भातशेती रुजविली ती अरबांनी. म्हणून तांदळास तेथे 'आर्रोस' म्हणतात आणि केशरास 'आसाफ्रान'. दोन्ही शब्द अरबी वळणाचे. ज्या बिदर-कलबुर्गीच्या कानांना दखनी बोलीतला 'जाफरान' परिचित आहे, त्यांना या नात्याची फोड करून सांगावयास नको.

भात संपत आला तसा वाढप्या पुढे झाला. त्याने पळीने भांड्याचा तळ खरवडला, निघालेला तांबूस, कुरकुरीत पापुद्रा उचलला आणि मोठ्या अदबीने सौ.च्या ताटात ठेवला. आजचा मान त्यांचा, असे चिरंजीवांनी त्यास आधीच सांगून ठेवले होते. सौ. क्षणभर ताटाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तर खरवड की हो!" मग जरा थांबून, "हिच्यासाठी पैसे मोजतात?"

मोजतात, हे खरे आहे. या थरास तेथे 'सोकारात' म्हणतात. तो नीट धरावा म्हणून तांदूळ घातल्यावर भात ढवळीत नाहीत, आणि शेवटी आच वाढवून तळ मुद्दाम भाजू देतात. तो साधला तरच आचारी कसबी. पाएया एकाच भांड्याभोवती बसून, ज्याने त्याने आपल्यासमोरचा भाग लाकडी चमच्याने खात जावे, अशी तेथील जुनी चाल आहे. आणि रविवारच्या मेळाव्यात तो बहुधा पुरुष रांधतात. भांडे एक आणि बसण्याची वेळही एक. तेव्हा तळाचा भाग कोणा एकीच्याच नशिबी येण्याचे कारण उरत नाही. त्याच्यासाठी उलट चमच्यांची झटापट होते.

तांदूळ तोच, विस्तवही तोच आणि तळाशी धरणेही तेच. एकीकडे ते उरलेसुरले ठरले, दुसरीकडे मानाचे. हा फरक चवीचा नव्हे, पंगतीत कोण केव्हा बसतो याचा आहे.

एकत्र बसणे हे काही परदेशातून आणावयास नको. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी कल्याणला 'दासोह' शिकविला. माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दरबारी अन्नदानाची परंपरा आहे. बिदरच्या नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला राजा नि रंक एकाच ओळीत मांडी घालतो. अशा तीन थोर पंगती आमच्या पंचक्रोशीत असून ती रीत कित्येक घरांच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. अजूनही सणावारी पुरणाची पोळी तव्यावरून थेट पुरुषांच्या ताटात जाते आणि लाटणारीच्या वाट्यास निवलेली येते.

विशेष प्रसंगी मुलांनी आईवडिलांना मोठ्या ठिकाणी न्यावे, त्यात वावगे काही नाही. त्यांच्या कमाईचे ते कौतुक आहे. परंतु त्या महागड्या टेबलावर जे खरोखर दुर्मीळ होते, ते माकूल नव्हे की केशरही नव्हे. घरची बाई सर्वांबरोबर बसली होती, आणि तिला पहिल्याने वाढले जात होते. एवढ्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. येत्या सणाला सारे पदार्थ करून आधी झाकून ठेवावेत, पाने एकदमच मांडावीत आणि वाढण्याचे काम मुलांनी व पुरुषांनी हाती घ्यावे. पोळ्या थोड्या निवतील, हे खरे. पण त्या सगळ्यांच्याच निवतील.