एका शब्दाचे चार भंडारे

जेजुरीत उधळतात, देवळात जेवतात, विदर्भात त्यात राहतात आणि बऱ्हाणपुरात त्याचं पाणी पितात. असं काय?

लगेच खाली उत्तर शोधू नका. अर्धा मिनिट विचार करा. आणि फोन बाजूला ठेवा, कारण इथे त्याच्यापेक्षा तुमच्या आजीचा जास्त उपयोग होईल.

उत्तर आहे भंडारा. खंडोबाची हळद म्हणजे भंडारा. देवळातलं सगळ्या गावाचं जेवण म्हणजे भंडारा. वैनगंगेकाठचा जिल्हा भंडारा. आणि चौथा आमच्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा. सातपुड्याच्या बाजूने झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, कुठलंही यंत्र न लावता, नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणणारी ही मुघलकाळातली योजना १६१५ सालची. बोगद्यावर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या आहेत, म्हणून कुंडी भंडारा. लोक त्यालाच 'खूनी भंडारा'ही म्हणतात, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तो गेला तोही याच नावाने. आता 'खून' म्हटलं की मराठी पाहुणा मुडदा शोधतो आणि हिंदी पाहुण्याला आधी रक्त आठवतं. म्हणजे नावाच्या पाटीवरच दोन कोडी.

मुद्दा असा, की आपल्या मराठी वाङ्मय मंडळाच्या प्रश्नमंजूषेत अशा शब्दखेळांची एक वेगळी फेरी असायला हवी. हौस म्हणून नाही, गुण देऊन. आणि तिला नियमही हवेत, कारण नियम नसले की या फेरीत अन्याय फार सहज होतो.

सध्या आपल्या प्रश्नमंजूषा कशा असतात ते तुम्हाला माहीतच आहे. मराठीतल्या कोणत्या लेखकांना ज्ञानपीठ मिळालं? खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर, नेमाडे. सालं सांगा. १९७४, १९८७, २००३, २०१४. टाळ्या. हे माहीत असावं, नाही कोण म्हणतो? पण ही चार नावं आणि चार सालं पाठ करायला मराठी यावीच लागते असं नाही. इंग्रजीतून पाठ केली तरी गुण तेवढेच मिळतात. स्पर्धा मराठीची, आणि कसोटी पाठांतराची! 'भंडारा'सारखा प्रश्न मात्र ज्याच्या कानावर भाषा पडलीय त्यालाच सुटतो.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे. कोट्या म्हणजे पांचटपणा, त्यात ज्ञान कसलं? आमच्या शहरापुरतं उत्तर देते. अकबराच्या दरबारातला अब्दुल रहीम खानखाना दख्खनचा सुभेदार म्हणून कित्येक वर्षं बऱ्हाणपुरात होता. कुंडी भंडारा झाला तोही त्याच्याच काळात. याच रहीमच्या सगळ्यात प्रसिद्ध दोह्यांपैकी एक दोहा उभा आहे तो 'पानी' या एका शब्दावर. मोत्याचं पानी म्हणजे तेज, माणसाचं पानी म्हणजे अब्रू, आणि चुन्याचं पानी म्हणजे साधं पाणी. शब्द एक, अर्थ तीन, आणि तिन्ही अर्थ मिळून एकच शहाणपण सांगतात. ज्याच्या काळात शहराला पाणी मिळालं, त्यानेच 'पानी' या शब्दातून इतकं काही काढलं. याला पांचट म्हणायची हिंमत कोणाची आहे?

मराठीतही हा वारसा कमी नाही. वामन पंडितांना 'यमक्या वामन' हे नाव पडलं ते उगाच नाही. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून. म्हणजे बघा, खुद्द 'राम' हा शब्दच त्यात बसत नाही! पु. ल. देशपांड्यांना लोक प्रेमाने 'कोट्यधीश' म्हणतात, ते बँकेतल्या शिलकीमुळे नाही. आणि व्याकरणाच्या पुस्तकात 'श्लेष' नावाचा अलंकार आपण सगळ्यांनी पाठ केलाय. सभंग श्लेष म्हणजे शब्द तोडून अर्थ काढायचा, अभंग श्लेष म्हणजे न तोडता. (यातल्या अभंगाचा तुकोबांच्या अभंगाशी संबंध नाही. पण बघा, व्याख्येतच कोटी होते.) परीक्षेत व्याख्या लिहून दोन गुण मिळतात. श्लेष स्वतः करता येतो का, तो सुटतो का, हे मात्र कोणी विचारत नाही.

आणि पंडितांपेक्षा जुनी परंपरा घरातली आहे. भाकरी का करपली, घोडा का अडला, विद्या का विसरली? फिरवली नाही म्हणून. तीन प्रश्न, एक उत्तर. हिंदी-उर्दूत अमीर खुसरोच्या नावावर असलेले 'दो सुखने' याच जातीचे: दोन प्रश्न विचारायचे आणि दोन्हींना लागू पडेल असं एकच उत्तर शोधायचं. ही कोडी सोडवायला शाळेत जावं लागत नव्हतं. चुलीपुढे बसून सुटायची.

इथेच मला राजपुऱ्याबद्दल थोडं सांगायचंय. आमच्याकडे घरात मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात उर्दूचा लहेजा, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून येणारी अहिराणी नाहीतर निमाडी. शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत. आमच्यापैकी कितीतरी मुलांची मराठी ही कानाची मराठी आहे, वहीची नाही. ऱ्हस्व-दीर्घ विचारलंत तर आम्ही पडू. पण दोन भाषांच्या मधोमध उभं राहिल्यामुळे आम्हाला शब्दांची दोन्ही तोंडं दिसतात. शाळेच्या भिंतीवर 'शिक्षा का मंदिर' असं रंगवलेलं असतं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठी आजी ते वाचून म्हणते, "खरं तेच लिहिलंय!" हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. तिकडे यातायात म्हणजे वाहतूक, इकडे नुसती दगदग, आणि बाजाराच्या दिवशी दोन्ही अर्थ एकाच रस्त्यावर भेटतात. तिकडे ताई म्हणजे मोठी काकू, इकडे मोठी बहीण. आमच्या शहरात शनवारा आहे, इतवारा आहे. मग विचारा की, असे दोन वारे सांगा जे कधीच वाहत नाहीत!

ही मुलं पाठांतराच्या फेरीत मागे पडतात. शब्दखेळाच्या फेरीत ती पुढे येतील. मला ही फेरी हवी आहे ती मुख्यतः यासाठी. घरात बोललेली, कुठल्याच गुणपत्रिकेवर न आलेली मराठी जिथे मोजली जाईल, अशी एक तरी जागा असू दे.

आता नियमांचं.

पहिला नियम: उत्तर प्रश्नातल्या शब्दांतून मिळायला हवं, प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशातून नाही. पवित्र शास्त्रात शास्त्यांच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात शमशोनाची गोष्ट आहे. लग्नाच्या मेजवानीत त्याने तीस सोबत्यांना कोडं घातलं, सात दिवसांची मुदत दिली, तीस तागाची वस्त्रं आणि तीस पोशाख पणाला लावले. पण कोड्याचं उत्तर काय? त्याने मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्यांनी केलेला मध. हे त्याने आईवडिलांनाही सांगितलं नव्हतं. शब्दांशी कितीही झटापट केली तरी ते कोणाला कळणार? मग सोबत्यांनी नवरीला धमकावलं, तिने रडून रडून उत्तर काढून घेतलं, आणि पैज चुकवण्यासाठी शमशोनाने अष्कलोनात तीस माणसं मारली. अन्यायाचं कोडं कुठपर्यंत जातं याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या सभागृहात वस्त्रांची पैज नसते, पण "मला हेच उत्तर अपेक्षित होतं" म्हणणारे शमशोन असतात.

दुसरा नियम: प्रश्नाला बसणारं प्रत्येक उत्तर बरोबर धरायचं. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत प्रश्न आला होता, "पाऊस नसतानाही जिथे वर्षभर पूर असतो असं एक गाव सांगा." छान प्रश्न. आमच्या संघाने सांगितलं, बऱ्हाणपूर. कार्डावर कोल्हापूर होतं. परीक्षक म्हणाले, "बऱ्हाणपूर महाराष्ट्रात नाही, चूक." पण प्रश्नात महाराष्ट्र होता कुठे? 'पूर' हा शब्द कोल्हापुरात जसा आहे तसाच तो आमच्या गावात आहे. उलट तापीला खरोखर पूर आला की आमच्याकडे दोन पूर होतात. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलं, १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हाही ते मध्य प्रदेशातच राहिलं. हद्दी येतात, बदलतात. पण मराठीच्या स्पर्धेत मराठी शब्दाला राज्याचा दाखला मागायचा म्हणजे फारच झालं. गेलेल्या दहा गुणांचं मला काही नाही. "तुमचं गाव आमच्या भाषेत येत नाही" असं जे न बोलता सांगितलं गेलं, ते लागलं.

तिसरा नियम: कोटी जिवंत शब्दावर हवी, आणि ती आपल्याच भाषेतली हवी. 'अशी कोणती की आहे जिने कुलूप उघडत नाही? मंकी.' हा प्रश्न किती वेळा ऐकलाय? तो इंग्रजीचा आहे. मराठीत कुलूप किल्लीने उघडतं, आणि माकडात किल्ली नाही. श्लेष भाषांतरात टिकत नाही. येशूने शिमोनाला पेत्र म्हटलं आणि 'या खडकावर' म्हटलं, तेव्हा ग्रीक वाचणाऱ्याला दोन्ही शब्दांतलं नातं लगेच ऐकू येतं. मराठी वाचकाला ते तळटीप वाचून कळतं. म्हणून उसन्या कोट्या नकोत. पण 'आपली भाषा' म्हणजे फक्त पुस्तकाची भाषा असंही समजू नका. विणकर चालवतो, पोलीस काढतात, आणि लाजणाऱ्या पोराला आई म्हणते, "हवं तर तोंडाने सांग की!" असा तीन अर्थांचा एक शब्द आहे, माग. बऱ्हाणपूर यंत्रमागांचं शहर, म्हणजे हे कोडं तिथे चालायलाच हवं. पण तिथे बहुतेक जण यंत्रमागाला पावरलूम म्हणतात. म्हणून प्रश्न काढणाऱ्याने आधी समोर कोण बसलंय ते बघावं, मग कोश उघडावा.

आणि शेवटचा नियम, ज्याच्यावर तडजोड नको. कोटी शब्दावर करायची, माणसावर नाही. मराठी आडनावं कोटीला फार सोपी असतात. कोणाचं आडनाव, जात, रंग, अंगकाठी किंवा बोलण्याची ढब यावर हशा मिळवणं सगळ्यात स्वस्त. सगळं सभागृह हसतं आणि एक जण हसल्यासारखं करतो. त्या एकाने पुढच्या वर्षी मंडळात नाव नोंदवलं नाही, तर आपण कोणती भाषा वाढवली?

काही जण म्हणतील, इतके नियम लावले तर गंमत काय राहिली? गंमत नियमांमुळेच राहते. मांडे पातळ होतात ते हात सैल सोडून नाही. हो, मांडेसुद्धा आमच्याकडचे प्रसिद्ध आहेत. आणि कितीही खाल्ले तरी पोट भरत नाही असे मांडे कोणते, हे मराठी माणसाला मी सांगायला नको.

तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीला एवढीच विनंती आहे. पुढच्या प्रश्नमंजूषेत दहा प्रश्नांची एक फेरी या खेळाला द्या. प्रश्न विद्यार्थ्यांकडून मागवा, प्रत्येकाने आपल्या घरातलं, आपल्या गावातलं एक आणावं. कोकणातली, बेळगावची, इंदूरची, वसईची मुलं आपल्यात आहेत. प्रत्येकाच्या गावात एखादा भंडारा असेलच.

माझ्याकडून पहिला प्रश्न घ्या. शब्दकोशात पाहिलं तर अख्खा. संस्कृतात गेलं तर फार पूर्वी. खड्ड्याच्या काठावर उभं राहून म्हटलं तर गाडण्याचा हुकूम. आणि बऱ्हाणपुरात पत्ता विचारत फिरलात, तर सिंधी, प्रताप, शिकार अशा कितीतरी नावांच्या शेपटाला लागलेला.

उत्तर छापत नाही. माझ्या पत्त्यात आहे.