पाळणाघर शोधायचं कुणी?

लेकीची बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपत आली, तेव्हा तिचा फोन आला. "आई, तू तर रिटायर झालीस. मग पाळणाघर कशाला शोधायचं?" मी नाही म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. इतकी वर्षं चळवळीत काढूनही तो शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळली, हे कबूल करते. घरातल्या बाईचे कष्ट फुकट, हे आपण मोर्च्यात सांगतो. आजी झालो की विसरतो.

मग आम्ही दोघी कोथरूडपासून बाणेरपर्यंत पाळणाघरं पाहत हिंडलो. जावई मीटिंगमध्ये होते. एका ठिकाणी रंगीत भिंती, एसी, मोबाईलवर दिसणारा कॅमेरा. पण अठरा मुलांमागे दोन मुली. त्यांना पगार किती, असं विचारल्यावर मालकीणबाईंनी विषयच बदलला. दुसरीकडे एका काकूंच्या दोन खोल्या, सहा मुलं, वरणभाताचा वास. "कधीही या, न सांगता या," त्या म्हणाल्या. आम्ही तिथेच थांबलो.

मैत्रिणींनो, चांगलं पाळणाघर ओळखायला पाच प्रश्न पुरतात. एका बाईकडे किती मुलं? रांगतं मूल आणि धावतं मूल एकाच खोलीत कोंबलंय का? न सांगता गेलं तर दार उघडतं का? रडणाऱ्याला कुणी उचलून घेतं का? आणि सांभाळणाऱ्या बाईला पगार किती, रजा किती? हा शेवटचा प्रश्न आपण टाळतो, कारण फी वाढेल अशी भीती वाटते. पण कमी पगारामुळे दर तीन महिन्यांनी बाई बदलत राहिली, तर बाळानं रुळायचं कुणाजवळ?

२०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण होताना कॅमेऱ्यात दिसली. तेव्हा "आईनं ठेवलंच कशाला?" हे मी कितीदा तरी ऐकलं. "बापानं ठेवलंच कशाला?" हे एकदाही नाही.

कायदाही याच मुशीतला. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती ठरायची ती बायकांच्या संख्येवर. आधी ५० आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ३० हून अधिक बायका असतील तरच. जणू मूल एकट्या बाईचं! शिवाय तिसाच्या वर बायका घ्यायच्याच नाहीत, ही पळवाट मालकाला मोकळी. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, मग ते कर्मचारी पुरुष का असेनात. हे पाऊल पुढचं खरं. पण दिवसातून चारदा बाळाला भेटायला जायची मुभा दिली ती आईलाच. बापाला बाळ भेटायला नको?

आणि जिचा मालक पन्नास माणसांचा नाही, तिचं काय? याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, पगारासाठी, रजेसाठी. त्यांच्या मुलांच्या पाळणाघराचा हिशोब अजून कुणी मांडलेला नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची सहावीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला शाळा बुडवते. अंगणवाडी काही तासांची, आईचं काम दिवसभराचं. आणि अंगणवाडीतल्या सेविकेला सरकार पगार देत नाही, 'मानधन' देतं. मान किती आणि धन किती, ते तिलाच विचारा.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ही गाठ केव्हाच ओळखली होती. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकत्र आणली. धाकटं पाळण्यात असलं, तरच थोरली वर्गात बसते.

आता आमचा नातू काकूंकडे जातो. आठवड्यातून तीन दिवस त्याला आणायला जावई जातात. तेवढ्यासाठी घरात दोन भांडणं झाली, ती होऊ दिली. पण हा आमच्या घरापुरता मार्ग. निवडायला पैसे असतात त्यांनाच निवड असते. म्हणून मागणी अशी हवी: प्रत्येक वस्तीत महापालिकेचं दिवसभराचं पाळणाघर, तिथल्या बाईला मानधन नव्हे, पगार आणि बापालाही बालसंगोपनाची रजा.

पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर नळाच्या आणि रस्त्याच्या आधी विचारूया, पाळणाघर कुठे आहे?